माहेरची गाडी

आमच्या घरात ती गाडी चालू असली की 'आमची' असायची आणि गॅरेजला न्यायची वेळ आली की 'हिच्या माहेरची' व्हायची. लग्नात बाबांनी दिलेली. मांडवाबाहेर लाल फीत बांधून उभी केली होती आणि वऱ्हाडी माझ्याकडे कमी, तिच्याकडे जास्त पाहत होते. आम्ही काही मागितलं नव्हतं, असं सासरचे आजही छातीठोकपणे सांगतात. खरंच नव्हतं मागितलं. बैठकीत एवढंच म्हणाले होते की मुलीला येण्याजाण्याचा त्रास होऊ नये, बस्स. पुढचं बाबांना न सांगता कळलं.

बाबा केशोरीच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. स्वतः आयुष्यभर सायकलवर फिरले, स्टिअरिंगला हातही लावला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही गोंदियाहून गेलो, तेव्हा ते गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि मला म्हणाले, "बाई, मागचं चाक बसल्यावानी दिसते." नवरा जेवून झोपला होता. बाबांनी अर्जुनीहून मिस्त्री बोलावला. ऑइल बदललं, हवा भरली, ब्रेक साफ केले. नवरा संध्याकाळी उठला तर गाडी तयार. "मामाजी, कायले तरास घेतला?" असं तो तोंडदेखलं म्हणाला. पण सासुरवाडीला गाडीचं काम फुकटात होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून आमच्या गाडीची सर्व्हिसिंग किलोमीटरवर होत नसे, सणावर होत असे. दिवाळी, संक्रांत, आखाजी. मधल्या काळात काही बिघडलं तरी ते सणापर्यंत तुंबवून ठेवायचं. ब्रेक करकरायला लागले की नवरा गाण्यांचा आवाज वाढवायचा आणि म्हणायचा, "संक्रांतीले जाऊन राहिलो ना आपण केशोरीले, तिकडं होऊन जाईल." मी एकदा म्हटलं की आपली पोरगी मागं बसते, गोंदियातच दाखवून घेऊ. त्यावर सासूबाई आतून बोलल्या, "ज्यायनं देल्ली त्यायनं पाहावं. आमी कुटं मांगाले गेलतो?" आमच्या भागात हे नवलाचंही नाही. जावयाची गाडी सासुरवाडीच्या अंगणातून तेलपाणी करूनच परत जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त त्याला हुंडा कोणी म्हणत नाही.

गाडी धुण्यात मात्र नवऱ्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. रोज सकाळी दोन बादल्या पाणी, शाम्पू, मऊ फडकं. काच अशी की शेजारीण तिच्यात पाहून टिकली लावायची. दसऱ्याला बोनटवर हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. त्या बोनटखाली काय चाललंय ते पाहण्याची त्याला कधी गरज वाटली नाही. ते खातं केशोरीचं होतं.

बाबांनी एक पायपंप विकत आणला होता. आम्ही निघायच्या दिवशी ते पहाटेच उठायचे आणि एकेका चाकाला हवा मारायचे. पंपावर पाय दाबता दाबता धाप लागायची, मग दारच्या खुर्चीत बसायचे. आई चिडायची, "काऊन जीव काढून राहिले? रस्त्यानं पेट्रोल पंप नाई का?" बाबा म्हणायचे, "लेकरं त्या नवेगावच्या जंगलातून जाते. तिथं कोण भेटन?" गाडी त्यांना कधीच आवडली नाही. त्या गाडीत मी बसते, एवढंच त्यांना दिसत होतं.

मग बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आम्ही त्या वर्षी सणाला गेलो, पण खाटेवरचा माणूस मिस्त्री कुठून बोलावणार? नवरा अंगणात थोडा वेळ घुटमळला, चाकाला एक लाथ मारून पाहिली आणि आम्ही तसेच परतलो. पुढच्या सणालाही तेच. इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट कमी झालं होतं. ते वाहून नेणाऱ्या रबरी होज पाइपला भेगा पडल्या होत्या. मला तेव्हा ही नावंही माहीत नव्हती. मी फक्त बोनटमधून येणारा गोडूस वास सांगत होते. नवरा म्हणाला, "मामाजीला बरं वाटू दे, मंग पाहू." बाबांच्या तब्येतीची त्याला खरोखरच काळजी होती, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

आईचा फोन आला तो सकाळी, पोळ्या लाटताना. "येऊन जा बाई. बाबाचं आता काई खरं नाई. तुह्यंच नाव घेऊन राहिले." मुलीला सासूबाईंजवळ ठेवून आम्ही लगेच निघालो. गोरेगाव सोडलं आणि इंजिन तापल्याचा काटा चढायला लागला. मी तो लाल खुणेकडे सरकताना पाहत होते. थांबवा म्हटलं तर नवरा म्हणाला, "कोहमाऱ्यापर्यंत जाते आरामात." गेली. कोहमाऱ्याच्या चौकाअलीकडे बोनटमधून वाफ निघाली, खड्ड असा आवाज आला आणि गाडी एका ढाब्यासमोर उभी राहिली ती राहिलीच.

एक मिस्त्री आला. त्यानं होज पाइप बोटानं दाबून दाखवला, तो पापडासारखा तुटला. वेळेवर बदलला असता तर एका वेळच्या पेट्रोलइतकाही खर्च नव्हता. आता इंजिनच खोलावं लागेल, म्हणाला. नवऱ्याला ते पटेना. त्यानं दुसरा मिस्त्री बोलावला. ढाब्यावरून पाणी आणून ओतलं. "थांब, आता होते, आता होते," असं म्हणत सकाळची दुपार केली. शेवटी मी म्हटलं, मी काळीपिवळी जीपनं जाते, तुम्हीपण चला. तो गाडीकडे पाहून म्हणाला, "इले अशी रस्त्यावर सोडून कसं येऊ? तू हो पुढं."

काळीपिवळीत माणसं भरेपर्यंत ती हलेना. नवेगावच्या रस्त्याला ती लागली तेव्हा मी पदर तोंडात कोंबून बसले होते. अर्जुनीला उतरले, तिथं दुसरी जीप मिळेपर्यंत आणखी उशीर. केशोरीला पोचले तर दारात बायका बसलेल्या. बाबा होते. डोळे उघडे होते, श्वास होता, माझा हात त्यांनी डाव्या हातानं धरला, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. ओठ हलायचे आणि थांबायचे. आई म्हणाली, "आत्तापर्यंत बोलून राहिले होते गं. उन्हं उतरली आन् वाचा गेली." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

तेरवी झाल्यावर आईला विचारलं, शेवटचं काय म्हणाले. तिला सांगायचं नव्हतं. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "अंगणाकडे पाहे आन् विचारे, गाडी आली का? मंग म्हणे, पोरीच्या गाडीत हवा मारून ठेवजो." मी मागं पडवीत गेले. पायपंप कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. त्या क्षणी मला नवऱ्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचाच आला नव्हता, आणि तो अजून उतरलेला नाही.

इंजिन खोलून गाडी परत चालती केली, त्या खर्चाबद्दल सासूबाई महिनाभर बोलल्या. मग नवऱ्यानं ती विकायला काढली. धुऊन पुसून मोबाइलवर फोटो टाकले. आमगावचा एक शिक्षक बायको आणि छोट्या मुलीला घेऊन पाहायला आला. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा नवरा सांगत होता, "गाडी एकदम मेंटेन हाय गुरुजी. आमचे मामाजी मास्तर होते, एक सर्व्हिसिंग चुकू द्यायचे नाई." ती मुलगी मागच्या सीटवर चढून बसली होती.

मी चहा ठेवला आणि शिक्षकाला म्हटलं, "बाबा खाटेवर पडल्यापासून एकही सर्व्हिसिंग झालेली नाही. कोहमाऱ्याला इंजिन बसलं होतं, आता कुठं दुरुस्त केलंय. ब्रेक तर अजूनही कोणी पाहिलेले नाहीत. तुमची पोरगी मागं बसणार आहे, म्हणून सांगते."

त्यांनी चहा अर्धा टाकला आणि निघून गेले. फाटक लागल्यावर नवरा वळला. "काऊन सांगितलं? आता कोण घेईन इले?"

"कोणी नाही घेतली तर केशोरीला पाठवा," मी म्हटलं. "तिकडं होऊन जाईल."