तिरकं बघणाऱ्या दोघी

माझ्याशी पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाला वाटतं, ही बाई शिष्ट दिसते, समोरच्याच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. बघते, पण बाजूने. शाळेत असतानाच माझ्या नजरेचा मधला भाग गेला. चेहऱ्याकडे थेट पाहिलं की तिथे नुसता धुरकट डाग दिसतो. कानाकडे पाहिलं, की नाक-डोळे कडेला उमटतात. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आईने विवळवेढ्याच्या देवीला चांदीचे डोळे वाहिले. देवीने त्यांचं काय केलं कुणास ठाऊक, पण मी या कडेच्या नजरेवर डी.एड. केलं आणि शिक्षिका झाले. अपंगांच्या कोट्यातून लागलेली, असं लोक माझ्या पाठीमागे म्हणतात. ऐकू मला उत्तम येतं.

तलासरीकडच्या डोंगरात एका पाड्यावरच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा तिसरीतल्या एका मुलीचा निकाल लागल्यातच जमा होता. फळ्यावरचं दिसत नाही, पुस्तक नाकाला लावलं तरी वाचता येत नाही, तेव्हा दिवाळीनंतर तिला लांब शहरातल्या अंधशाळेच्या वसतिगृहात पाठवायचं असं गुरुजींनी ठरवलं होतं. गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. माणूस मायाळू. तिला त्यांनी अगदी पुढे, फळ्यासमोर बसवलं होतं आणि मधूनमधून हनुवटी धरून तिची मान सरळ करत होते. "सरळ बघ, बाळा."

हे "सरळ बघ" मी लहानपणी डहाणूत इतकं ऐकलंय की अजूनही माझं डोकं फिरतं. तिथल्या मास्तरांचा हिशेब साधा होता, दिसत नाही ना, मग पुढे बस. पुढे दार, दारातून ऊन थेट फळ्यावर, फळा चकाकणारा. पुढच्या रांगेतून मला पांढऱ्या उजेडाखेरीज काही दिसायचं नाही. मी गप्प बसायचे आणि घरी आल्यावर शेजारच्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे.

पहिल्याच दिवशी ही मुलगी माझ्या खांद्यापलीकडे बघत उभी राहिली. ती नजर मला ओळखीची होती. मी म्हटलं, "तुझ्या कानाकडे बघितलं की तू मला दिसतेस. तू कुठे बघतेस?"

ती घाबरली. चोरी पकडली गेली असं तिला वाटलं असावं. मग हळूच म्हणाली, "बायचे फुलाकडं." माझ्या केसात अबोली होती. दोघीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या बसायच्या पट्ट्या गुंडाळायला लावल्या. तोवर पोरं उंचीप्रमाणे, चिकूच्या वाडीतल्या झाडांसारखी सरळ रांगेत बसत. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली आणि सांगितलं, जिथून ही नीट दिसेल आणि मी नीट ऐकू येईन तिथे बसा. सगळा वर्ग उधळला. ती मात्र फळ्याच्या जवळ, पण अगदी कडेला गेली, दाराकडे पाठ केली, तोंड भिंतीकडे वळवलं आणि थांबली. दुसरी एक मुलगी येऊन माझ्या उजव्या बाजूला चिकटली. तिला एका कानाने कमी ऐकू येतं हे तिच्या आईलाही माहीत नव्हतं.

"बाई, हा वर्ग आहे की आठवडी बाजार?" गुरुजी म्हणाले. "साहेब आले तर काय सांगायचं?"

"त्यांनाही सांगू, दिसेल तिथे बसा."

ते हसले नाहीत. अंधशाळा वाईट असते असं मला म्हणायचं नव्हतं, पण जिला मोठी अक्षरं कडेने का होईना वाचता येतात तिला आईपासून तोडून पाठवायचं हे मला सहन होत नव्हतं. मी रोज जाड काळ्या पेनाने तिचे धडे मोठे करून लिहीत राहिले.

दिवाळीच्या तोंडावर तिचा बाप होकार द्यायला आला. डोंगराच्या वरच्या अंगाला त्याची थोडी भात-नागलीची शेती होती, एरवी तो डहाणूकडे वाडीत मजुरीला जायचा. मी मुलीला वाचायला सांगितलं. तिने कागद हातात धरला, मान भिंतीकडे वळवली आणि धडा वाचला. बाप बघत राहिला.

"ही वाचं का भितीला बघं?" तो म्हणाला. "पाठ केला असंल."

मला त्याचा राग आला. पण त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांच्यावर त्याचा विश्वास होता ते गुरुजीच त्याला सांगत आले होते की पोरीला दिसत नाही. तो त्यांच्याकडेच वळला. "गुरुजी, तुमीच काय तरी लिवा. तिला म्हाईत नय असा."

गुरुजींनी खडू उचलला आणि नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, लिहिलेलं पुसलं आणि मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिलं. ती आपल्या जागेवर गेली. मान वळली. "आज... बाबा... कामावर न... जाता... शाळेत आले."

बापाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मान हलवली, "बरोबर वाचलं."

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, तुमची बदली झाली मंग?"

बदली तर होणारच, आज ना उद्या.

"मी सांगन ना नव्या बाईला," भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली, "मना कठून दिसं तं."

तिच्या वयात मला एवढं एक वाक्य कुणापुढे बोलता आलं नव्हतं.

"मंग इठंच राहूं दे," बाप म्हणाला, आणि जीप चुकायच्या आत कामावर जायला निघाला.