हॉस्टेलच्यांनी नुसतं बघायचं

‘सर, गणित राहू द्या, झाडू घ्या.’

पडद्यावर मी विकलनाचं उदाहरण सोडवत होतो. त्याच्या शेजारी ही ओळ उमटली. लाल अक्षरांत. एकेक अक्षर येत गेलं आणि सगळा वर्ग वाचत गेला. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू पुढच्या बाकांपर्यंत आलं. मी वळलो तर सगळे मोबाईलमध्ये मान घालून बसलेले.

मी ओळ पुसली. उदाहरण पुढे सोडवलं. उत्तर चुकलं. कुणी दाखवून दिलं नाही.

शेवगावच्या एका ज्युनियर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवतो. केस पांढरे झाले, तरी दर जूनला नेमणुकीची नवी ऑर्डर निघण्याची वाट बघावी लागते. हा ऑनलाइन फळा मीच आणला. पोरांनी आपापल्या मोबाईलवरून लिहायचं, ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसायचं. एकाची पायरी चुकली की दुसरा दुरुस्त करायचा. कुणी लिहायचं आणि कुणी नुसतं बघायचं, हे ठरवणं माझ्या हातात.

ज्याच्याकडे कॉलेजचा आयडी असेल त्याचं नाव त्याच्या अक्षरांशेजारी दिसतं. मागासवर्गीय वसतिगृहातल्या मुलांना आयडी मिळाले नव्हते. ‘देऊ, देऊ’ चाललं होतं. ती मुलं लिंक उघडून यायची, एका मोबाईलवर दोघं-तिघं डोकी लावून. त्यांच्या अक्षरांशेजारी एवढंच यायचं: गेस्ट.

आपल्याच वर्गात गेस्ट. तेव्हा मला ते खटकलं नाही.

त्या ओळीशेजारीही ‘गेस्ट’ होतं.

माझे वडील नगरपालिकेत झाडूकामाला होते. कॉलेजात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त एकदा वसतिगृहात बोललो होतो, त्या पोरांना धीर यावा म्हणून. त्यामुळे माझ्या मनात पहिल्यांदा कोण आलं? तीच पोरं. मी त्यांचे चेहरे आठवायला लागलो. कुणाला रागावलो होतो, कोण मागे बसतं, कोण जास्त हसतं. ज्यांना माझं मानलं, त्यांच्यावरच मी पाळत ठेवायला लागलो.

उपप्राचार्यांनी बोलावलं.

“बसा हो, बसा. तुमचा अपमान म्हणजे कॉलेजचा अपमान.”

मी बसलो. बरं वाटलं. हेही लिहायला हवं, की बरं वाटलं.

“गेस्ट म्हणजे कोण, ते काय मी सांगायचं? तुमचीच पोरं. लिंकवाल्यांचं लिहिणं बंद करून टाका. बघू देत की. बघायला कोण नाही म्हणतंय?”

मी तिथेच, त्यांच्यासमोर, मोबाईल काढून त्यांचं लिहिणं बंद केलं. बोटाचं काम. त्यांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी तासाला वसतिगृहातली पल्लवी उभी राहिली. गणितात हुशार पोरगी. पायरी गाळलेली तिला खपत नाही, माझीसुद्धा.

“सर, फळ्यावर माझं पेन उठंना.”

“नेटचा प्रॉब्लेम असेल.”

तिनं ओढणीनं स्क्रीन पुसली. मोबाईल बंद करून चालू केला. मग शेजारणीला म्हणाली, “तुझा दे गं जरा.” तोही लिंकवरचाच. त्यावरही उठेना. ती पुन्हा पुन्हा बोट घासत राहिली आणि मी पडद्याकडे तोंड करून शिकवत राहिलो. मला सगळं माहीत होतं. तिला वाटत होतं मोबाईल बिघडला.

तेवढ्यात पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं आली.

‘झाडू सापडला का सर?’

शेजारी ‘गेस्ट’.

या वेळी कुणी लपवून हसलं नाही. मोकळेपणानं हसले. मी मात्र त्या ‘गेस्ट’कडे बघत राहिलो. लिंकवाल्यांचं लिहिणं बंद होतं. आता फक्त आयडीवाल्यांना लिहिता येत होतं. आणि आयडीवाल्याला आपलं दिसणारं नाव बदलता येतं. हवं ते ठेवता येतं. कुणीतरी स्वतःचं नाव ‘गेस्ट’ ठेवून बसलं होतं, संशय कुठे जाईल हे नीट ओळखून. वडिलांचं काम कळायला त्याला वसतिगृहात जायची गरज नव्हती. माझं आडनाव माझ्याआधी वर्गात पोचतं.

पल्लवीनंही ती ओळ वाचली. मग हातातल्या मोबाईलकडे बघितलं. गाळलेली पायरी तिला सापडली.

“सर, आमचं तुमीच बंद केलं व्हय?”

मी पडद्याकडून तिच्याकडे वळलो.

“हो. मी केलं.”

“आमीच लिवलं आसं वाटलं तुमाला?”

“वाटलं.”

ती खाली बसली. मोबाईल पालथा ठेवला. त्या तासाला तिनं पुन्हा वर बघितलं नाही.

मी उपप्राचार्यांकडे गेलो. म्हणालो, हे आयडीवाल्याचं काम आहे, कोणत्या आयडीवरून आलं ते ऑफिसातून काढा.

“जाऊ द्या हो. पोरं आहेत. केली थट्टा. कशाला कुणाच्या पोराचं वर्ष वाया घालवता?”

काल वसतिगृहावर संशय होता तेव्हा कॉलेजचा अपमान होता. आज तो दुसरीकडे वळला आणि थट्टा झाली. मी बाहेर पडायच्या आधीच, मागे खुर्चीत बसलेला एक सहकारी हळू आवाजात म्हणाला, “स्वतःच लिहीत नसतील कशावरून? उद्या अ‍ॅट्रॉसिटी टाकायला बरं.” हळू, पण मला ऐकू येईल इतपत.

उपप्राचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले, “असं करा, सगळ्यांचंच बंद करा. तुम्ही एकटे लिहा, पोरं बघतील. मिटलं.”

“मिटलं नाही, सर. मी सगळ्यांचं सुरू करणार. हॉस्टेलच्यांचं आधी.”

“मी बंद करायला सांगितलंय.”

“मग लेखी द्या. कारण घाला.”

“कारण काय घालू?”

“मला तोंडी दिलंत तेच. ‘तुमचीच पोरं.’ आणि खाली सही करा.”

त्यांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, “जूनमध्ये तुमची ऑर्डर निघायचीय ना?”

“हो.”

या वेळी मी बसलो नव्हतो. चहाही आला नाही.

मी सगळ्यांचं लिहिणं सुरू केलं. वर्गात सांगितलं, ज्यानं पायरी मांडली त्यानं तिच्यापुढे आपलं नाव लिहायचं. एका मोबाईलवर तिघं असतील तर तिघांची नावं. पल्लवीनं लिहिलं. माझ्याकडे न बघता. मी तिची माफी मागितली, तिनं ती घेतली नाही. तो तिचा हक्क आहे.

संशय माझ्यातून गेलेला नाही. वर्गात शिरलो की मी अजून चेहरे चाळतो. लाल रंग दिसला की हात थांबतो. पण त्या संशयावरून कुणाचा लिहिता हात अडवायचा नाही, एवढं ठरलं आहे. ऑफिसला रोज अर्ज देतो: वसतिगृहातल्या मुलांना आयडी द्या, आणि त्या लाल ओळी लिहिणारा आयडी जाहीर करा. उत्तर येत नाही. लेखी आदेशही आलेला नाही. तो येणार नाही, कारण ‘तुमचीच पोरं’ याखाली सही करायला त्यांचाही हात धजत नाही.

जूनमध्ये ऑर्डर निघो की न निघो. माझ्या बोटानं आता कुणाचं लिहिणं बंद होणार नाही. ज्याला बंद करायचं असेल त्यानं वर्गात यावं, पोरांसमोर उभं राहावं आणि स्वतःच्या हातानं करावं.