दुपारी जाड होणारी फिल्म

सकाळी पास झालेली काच दुपारी नापास झाली, तेव्हा मी आधी माझा चष्मा पुसला. मग काच पुसली. परत मोजली. नापासच.

वाळूजच्या आमच्या कारखान्यात मोटारसायकलच्या मीटरवर बसणाऱ्या काचा तयार होतात. उन्हात चमकून आकडे दिसेनासे होऊ नयेत म्हणून काचेवर एक पारदर्शक थर चढवतात. त्यालाच थिन फिल्म म्हणायचं. केसाच्या जाडीचे शेकडो काप केले, तर त्यातल्या एका कापाएवढी ती पातळ. पट्टीनं मोजायचा प्रश्नच नाही. लॅबमध्ये मी काचेवर प्रकाश टाकते. कुठल्या रंगाचा किती प्रकाश परत येतो ते मशीन सांगतं, त्यावरून जाडी कळते.

फिल्म चढवायचं काम मिलिंद साळवेचं. कन्नड तालुक्यातला, कॉन्ट्रॅक्टवर. नोकरीत कायम केल्याचं, कन्फर्मेशनचं पत्र साहेबांच्या सहीला थांबलेलं. त्या भरवशावर त्यानं कारखान्याजवळ बजाजनगरात खोली घेतली होती आणि बायको-लेकीला आणायचं ठरवलं होतं.

प्लांट हेड जाधव साहेब वैजापूरचे. माणूस तापट, पण मायाळू. उन्हाळा लागताच लॅबचा एसी बंद पडला, तर घरून आणलेला केबिनमधला कूलर त्यांनी माझ्याकडे पाठवला. “चक्कर येऊन पडाल,” म्हणाले. नाही म्हणायची सोयच नव्हती. दुपारी ऊन तापलं की मी तो लावायचे.

“मॅडम, फिल्म जाड चाललीय म्हणं?”

“दुपारी जाड येतेय साहेब. सकाळी तीच काच बरोबर होती.”

“काच काय दुपारी जेवून येती का?”

इतर वेळी मी हसले असते. मी रेफरन्स काच लावली. ही कोरी काच, फिल्म नसलेली, मशीन खरं बोलतंय का ते बघायला ठेवलेली. सकाळ-दुपार तिचं रीडिंग तेच. म्हणजे मशीन ठणठणीत. मग दोष मिलिंदचा, असं साहेबांनी ठरवून टाकलं. माल दुपारी निघतो, म्हणून दुपारचं रीडिंग धरून त्याला थर कमी करायला लावला. पुण्याच्या क्लायंटनं तो लॉट परत पाठवला. शेरा काय, तर फिल्म पातळ.

आमच्याकडे जाड, पुण्यात पातळ. माझं डोकं चालेना.

“सेटिंग ह्याच्याच हातात असतंय,” साहेब मिलिंदकडे बघत म्हणाले. “पत्र ऱ्हाऊ द्या सध्या.”

“साहेब, तुमी सांगितलं तेवढंच कमी केलं मी,” मिलिंद म्हणाला. तोवर साहेब निघून गेले होते.

तो माझ्या टेबलापाशी आला. “मॅडम, पोरीचं नाव घातलंय इथल्या शाळेत. आता घरी काय सांगू? माझं चुकलं काय, तेवढं तरी सांगा.”

मला तेच माहीत नव्हतं. लाज वाटली. मोजणारी मी, आणि मोजलेलं काय ते मलाच कळत नव्हतं.

लॉट परत आल्यावर मिलिंदनं थर पुन्हा पहिल्या सेटिंगवर आणला होता. दोन-चार दिवसांनी कारखान्यात पाणी आलं नाही. कूलर कोरडाच गरगरत होता, गरम हवा फेकत. भर दुपारी घामाघूम होऊन मी काच लावली. पास. दुसरी लावली, पास. आधी नापास केलेल्याही पास. मी आणखीच गोंधळले. मशीन तेच, काचा त्याच, वेळ तीच. बदललं काय?

बराच वेळ मी कूलरकडे बघत बसले. मग लक्षात आलं, रेफरन्स काचेवर फिल्मच नाही. फिल्मला माठासारखी बारीक छिद्रं असतात. कूलरची ओली हवा त्यात शिरली की प्रकाशाला तोच थर जाड भासतो. कोऱ्या काचेला शोषायला काहीच नसतं.

मिलिंदला हाक मारली. “कुठूनही पाणी आण, कूलर भर.”

“लई गरम होतंय व्हय मॅडम?”

“भर तर आधी.”

तासाभरात रीडिंग चढलं. काचा ओव्हनमध्ये वाळवल्या, उतरलं. साहेबांना बोलावून सगळं परत करून दाखवलं.

“म्हंजी फिल्मला पाणी मी पाजलं?” साहेब म्हणाले.

“हो साहेब. पुण्याची लॅब एसीत आहे, हवा कोरडी. मिलिंदची पहिली सेटिंग बरोबर होती.”

साहेबांनी काच हातात घेऊन उजेडात धरली. “मग पावसाळ्यात गाडीवर काय व्हईल हिचं?”

हे मला सुचलंच नव्हतं. आम्ही तिघं कामाला लागलो. काच जास्त तापवून फिल्म चढवली की ती घट्ट बसते, छिद्रं कमी राहतात. मिलिंदनं तशा ट्रायल घेतल्या. शेवटच्या ट्रायलची काच कूलरसमोर ठेवली तरी रीडिंग हललं नाही. क्लायंटनं ती पास केली.

एसी दुरुस्त झाला, तेव्हा मिलिंद कूलर ढकलत साहेबांच्या केबिनमध्ये घेऊन गेला. थोड्या वेळानं एका हातात पत्र घेऊन, दुसऱ्या हातानं तोच कूलर ढकलत परत आला.

“काय झालं?”

“साहेब म्हनले, पत्र्याची खोली तापती, पोरगी येणार हाय, हा घरी ने.”

साहेबांनी सॉरी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. लॅबच्या भिंतीवर आता हवेतला दमटपणा दाखवणारं मीटर आहे. काच मोजायच्या आधी मी ते बघते, आणि कोऱ्या काचेला फिल्मबद्दल विचारत नाही.