दारावरची पांढरी पट्टी

हेल्मी कोस्केलाला केबल गुंडाळताना ज्यानं पाहिलं नाही, त्याला ही मुलगी कळायची नाही. एक वेढा सरळ, एक उलटा, पुन्हा एक सरळ, एक उलटा. अशी गुंडाळलेली केबल टोक धरून फेकली की पीळ न पडता स्टेजच्या दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाते. पोर्ट हॅलोरनच्या विद्यापीठात गाण्याचे कार्यक्रम उभे करणाऱ्या मुलांच्या गटात नव्या माणसाची परीक्षा हीच: फेकून दाखव. बहुतेकांना महिना लागतो. हेल्मीला चार दिवस लागले, आणि बक्षीस काय, तर पुढची दोन वर्षं सगळ्या केबल तिच्याच गळ्यात पडल्या.

तिला हवं होतं ते वेगळंच होतं. कार्यक्रमाला मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर, जो बसतो, तो मिक्सरच्या खालच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावतो आणि कुठल्या बटणावर कोण आहे ते स्वतःच्या हातानं लिहितो: गायिका, गिटार, ढोल. कार्यक्रम संपला की ती पट्टी अलगद सोलायची आणि सामानखोलीच्या दारावर चिकटवायची. चाळीस वर्षांच्या पट्ट्या एकीवर एक बसून त्या दाराचं लाकूड दिसेनासं झालंय. ज्याची पट्टी दारावर, तो या गटाचा माणूस. बाकीचे हमाल, कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी हमालच.

हेल्मीच्या वाटेत तिचा डावा कान होता. सहाव्या वर्षी तापात तो गेला तो गेलाच. गावाकडे तिच्याबद्दल कुणी बोललं की सुरुवात 'बिचारी'पासून व्हायची, आणि तिला त्या शब्दाचा मनापासून राग होता. ओंडके वाहणारा ट्रक चालवणारे तिचे वडील त्यातल्या त्यात बरे. ते म्हणायचे, "पोरी, वनखात्यात जा. झाडं बोलत नाहीत, तुला सोयीचं पडेल." ती खरंच वनशास्त्र शिकायला आली, आणि तेही मन लावून शिकली. पण पहिल्याच आठवड्यात फुकटच्या पिझ्झाच्या आशेनं या गटाच्या बैठकीला गेली आणि तिथे तिला जो नाद लागला तो कायमचा.

गटाचा म्होरक्या वेल्डन प्रुइट. शेवटच्या वर्षाचा, ताडमाड उंच, मनानं मुळीच वाईट नाही, पण स्वतःच्या कानांवर फार प्रेम. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हेल्मीनं त्याला सरळ विचारलं, "मिक्सरवर मी कधी बसायचं?"

"हे बघ, राग मानू नकोस," वेल्डन म्हणाला. ज्याला असं म्हणावं लागतं त्याला पुढचं बोलूच देऊ नये, पण तो बोललाच. "डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही तोलायच्या असतात. एका कानावर ते जमायचं कसं? केबलमध्ये तुझा हात कुणी धरू शकणार नाही."

"कसं जमवायचं ते मी बघते. तू एकदा बसव."

"बघू," वेल्डन म्हणाला, आणि ते 'बघू' चार महिने चाललं.

हेल्मीनं मात्र थांबायचं नाव घेतलं नाही. एका कानाला आवाज कुठून येतो ते नीट कळत नाही. म्हणून तिनं चालायची सवय लावून घेतली. कार्यक्रम चालू असताना ती भिंतीच्या कडेकडेनं सबंध हॉल फिरायची. कोपऱ्यात थांबायची, मागच्या रांगेत थांबायची, उजवा कान पुढे करून ऐकायची, मग पुढे. मुलं हसायची. "आली बघा आमची पहारेकरीण!" पण दोन वर्षांत त्या हॉलचा कोनाकोपरा तिला पाठ झाला. बाकीच्यांना हॉल माहीत होता तो मिक्सरच्या खुर्चीतून.

हॉल म्हणजे विद्यापीठाची जुनी व्यायामशाळा. उंच छत, विटांच्या भिंती आणि मागच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यायामाचे लाकडी गज. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर ती परत येऊन तुम्हालाच विचारेल, काय काम आहे. पण गटात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं: माणसं आली की हॉल बसतो. दुपारी आवाज कितीही घुमला तरी कुणी घाबरायचं नाही, संध्याकाळी चारशे माणसं येतात आणि सगळं जागेवर येतं. आणि दर हिवाळ्यात ते खरोखर यायचं. कशामुळे, हे विचारायची गरज कुणाला पडली नव्हती.

फेब्रुवारीतला हिवाळी कार्यक्रम म्हणजे वर्षातला सगळ्यांत मोठा. बाहेर उणे अठ्ठावीस. गायला कोरली बेनवा येणार होती, शेजारच्या मोठ्या सरोवराच्या वरच्या अंगाची, फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन वाजवत गाणारी बाई. तिची गाणी सगळी शब्दांवर चालतात, शब्द ऐकू आला नाही तर उरतं काय? दुपारच्या तालमीत आवाज घुमत होता.

"काळजी नको," वेल्डन कोरलीला म्हणाला. "माणसं आली की हॉल बसतो."

माणसं आली. हॉल बसला नाही.

पहिल्या गाण्यातच कोरलीचा प्रत्येक शब्द मागच्या भिंतीवर आपटून परत यायला लागला. वेल्डननं आवाज वाढवला, घोळ वाढला. कमी केला, तर मागच्या रांगांतून "ऐकू येत नाही!" दुसरं गाणं अर्ध्यावर तोडून कोरली हसत म्हणाली, "माझं गाणं मला परत यायला लागलंय मंडळी. नको असेल तर तसं सांगा, मी घेऊन जाते." लोक हसले, पण दाराजवळची दोघं उठून निघाली होती. वेल्डनचे कान लाल झाले होते.

हेल्मी तोवर हॉलभर एक फेरी मारून मागच्या भिंतीशी पोचली होती, आणि तिथे ती थबकली. गज उघडे होते. तिनं ते उघडे गज हिवाळ्यात कधी पाहिलेच नव्हते. दर वर्षी लोक आत येतात आणि आपापले जाडजूड कोट त्या गजांवर टाकतात. या वर्षी नवा नियम निघाला होता. मागच्या वर्षी कुणीतरी खाली पडलेल्या कोटात पाय अडकून पडलं, म्हणून आता सगळे कोट तळघरात जमा करायचे आणि बिल्ला घ्यायचा. चाळीस वर्षं हॉल माणसांनी बसत नव्हता. कोटांनी बसत होता.

ती जवळजवळ पळतच मिक्सरपाशी गेली. "वेल्डन, कोट वर आणायला हवेत. मागच्या भिंतीवर."

"काय?"

"कोट! आवाज शोषून घ्यायला भिंतीवर कोट नाहीत म्हणून घुमतंय. बटणं फिरवून काही व्हायचं नाही."

"हेल्मी, इथे माझी फजिती चाललीय आणि तुला कोट सुचतायत? जा, केबल बघ."

हेल्मी हलली नाही. "केबल ठीक आहेत. मध्यंतर आत्ता घे. पंधरा मिनिटं दे मला. नाही जमलं तर मी पुन्हा कधी मिक्सरचं नाव काढणार नाही. जन्मात नाही."

हे मात्र तिनं बोलायला नको होतं. बोलल्यावर तिच्या लक्षात आलं, पण शब्द गेला होता. वेल्डननं तिच्याकडे पाहिलं, घुमणाऱ्या हॉलकडे पाहिलं आणि मध्यंतर घेतलं.

तळघरात कोटांच्या रांगांपुढे बुशारबाई विणकाम घेऊन बसल्या होत्या. वीस वर्षं त्या इमारतीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाई. कुलगुरूसुद्धा त्यांच्याशी जपून बोलतात.

"बाई, सगळे कोट वर हवेत."

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणते."

"तू कोण गं?"

"हेल्मी. केबलवाली."

बुशारबाईंनी सुया खाली ठेवल्या. "नियम वाचलास का? खुर्चीवर कोट नाही, वाटेत कोट नाही, दारात कोट नाही. मी सही केलीय त्याच्यावर."

"भिंतीवर नाही, असं लिहिलंय का?"

बाईंनी चष्मा चढवला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग परत एकदा वाचला. "भिंतीचं काही नाही यात," त्या म्हणाल्या. "पण एक कोट जरी जमिनीवर दिसला ना, तर तुलाच गजावर टांगीन. आणि मी चारशे कोट उचलणार नाही, माझे गुडघे गेलेत."

"लोक आपापले नेतील."

"लोकांना सांगणार कोण?"

हेल्मीनं हा विचारच केला नव्हता. जिनं दोन वर्षं भिंतीच्या कडेनं चालून काढली, ती स्टेजवर चढली आणि कोरलीच्या माईकपुढे उभी राहिली. चारशे तोंडं तिच्याकडे वळली. "नमस्कार," ती म्हणाली, आणि तिचा 'नमस्कार' मागून परत आला. लोक हसले. "ऐकलंत ना? हे थांबवायचंय. खाली जा, आपला कोट आणा आणि मागच्या गजांवर नीट अडकवा. खाली पडला तर बुशारबाई मला टांगणार आहेत."

क्षणभर कुणीच उठलं नाही. मग पहिल्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "चला रे, उठा! पोरीला टांगू नका!" आणि खुर्च्या वाजल्या. दहा मिनिटांत मागची भिंत दिसेनाशी झाली. पिसं भरलेले कोट, मेंढीच्या कातड्याचे कोट, बर्फगाडीवरचे जाडे अंगरखे, तीन-तीन थर. हेल्मीनं स्टेजवरून टाळी वाजवली. टाळी गेली ती परत आली नाही.

कोरलीनं फिडल हनुवटीखाली धरलं आणि अगदी हलकेच पहिली ओळ म्हटली. मागच्या रांगेतल्या बाईनं मान डोलावली. तिला शब्द पोचला होता.

हेल्मी मिक्सरपाशी परतली तेव्हा वेल्डन खुर्चीतून उठला. तो हेल्मीच्या डावीकडे उभा होता. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, मग मिटलं, आणि वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला. अडीच वर्षांत पहिल्यांदा. "बस," तो म्हणाला. त्यानं स्वतःच्या अक्षरातली पट्टी सोलून खिशात टाकली आणि चिकटपट्टीचं नवं रीळ आणि मार्कर तिच्यापुढे ठेवला. "तुझ्या हातानं लिही."

तिनं लिहिलं. बसली मात्र नाही. तिसऱ्या गाण्यात ती मिक्सर सोडून सरळ चालायला लागली. "अगं, मिक्सर सोडून कुणी जातं का?" वेल्डन कुजबुजला. पण खुर्चीपाशी राखण करत तोच उभा राहिला. ती कोपऱ्यापर्यंत गेली, उजवा कान पुढे करून ऐकलं, परत येऊन एक बटण केसभर खाली घेतलं आणि पुन्हा गेली. कार्यक्रम संपेपर्यंत तिच्या अशा सात फेऱ्या झाल्या. शेवटी कोरलीनं दोन गाणी जास्तीची म्हटली.

सगळे गेल्यावर हेल्मीनं आधी केबल गुंडाळल्या, एक वेढा सरळ, एक उलटा. मग पट्टी सोलली आणि दारावर आपल्या खांद्याच्या उंचीवर जागा शोधून अंगठ्यानं घट्ट दाबली.

ती पट्टी अजून तिथे आहे, तिच्यावर दुसरी कुणी लावत नाही. हेल्मी आता उत्तरेकडे वनाधिकारी आहे आणि हिवाळी कार्यक्रमाला दर वर्षी येते. दार पाहणारी नवी मुलं हमखास विचारतात की गायिका, फिडल, गिटार हे समजलं, पण शेवटी हे 'कोट' काय लिहिलंय? मग त्यांना कुणीतरी मागच्या भिंतीपाशी नेतं आणि त्यांचा कोट गजावर अडकवायला सांगतं.