पोळपाटावरचा पाइप

१९८३, मार्चमधला एक रविवार. काम एकच: अंगणातल्या रबरी पाइपसाठी नळाशेजारी भिंतीवर काहीतरी ठोकायचं, ज्यावर तो गुंडाळून बाहेरच ठेवता येईल.

आम्ही गिरगावातल्या चाळीतून नव्या मुंबईत आलो त्याला वर्ष होत आलं होतं. चाळीत पाणी भरून झालं की पाइप घरात घ्यायचा, नाहीतर तो दुसऱ्याच्या पिंपात सापडायचा. ती सवय माझ्याबरोबर खाडी ओलांडून आली. इथे अंगण आमचं, नळ आमचा. तरी झाडांना पाणी घालून झालं की मी चिखलाचा पाइप कोपरावर गुंडाळून स्वयंपाकघरातून मोरीत नेत असे. तिथे खिळ्यावर टांगला की तो नेमका खिळ्यापाशी मोडे आणि चिरे.

"रोज सकाळी घरात अजगर आणतेस," सासूबाई फरशी पुसता पुसता म्हणत.

पण तो रविवार निवडायचं कारण पाइप नव्हता. चाळीतली खोली ठेवायची की सोडायची, हे नवऱ्याने सोमवारी घरमालकाला सांगायचं होतं, आणि ते त्यांनी माझ्यावर टाकलं होतं. "तू म्हणशील तसं," म्हणून हे पेपर घेऊन बसले. खोली गेली की परत जायला जागा नाही. स्वस्थ बसवेना, म्हणून हातोडी घेतली.

रंगाचा रिकामा डबा घरात होता. तो आडवा ठोकला की पाइपला गोल बैठक मिळते, मोड पडत नाही. डब्यामागे फळी हवी होती, ती मिळेना. एक पाय तुटलेला पोळपाट मिळाला.

"अगं, पोळपाट भिंतीला ठोकतेस?" सासूबाई दारात आल्या. "अन्नाची वस्तू ती!"

"पोळी लाटताना डुगडुगतो, आई. तुम्हीच ओरडता."

"म्हणून त्याला फाशी द्यायची?"

आतून हे हसले. मी डब्याचा तळ पोळपाटावर ठेवून आतून खिळे मारले, भिंतीत छिन्नीने भोकं पाडून लाकडी गुट्ट्या बसवल्या आणि पोळपाट, पाय भिंतीकडे करून, कडेने स्क्रूने आवळला. पाइप गुंडाळला. तो सरळ घसरून माझ्या पायावर आला. तुटका पाय खाली आल्यामुळे सगळंच पुढे झुकलं होतं. पुन्हा उघडलं, उलटं केलं. आता शाबूत दोन पाय खाली, तुटका वर. डब्याचं तोंड आभाळाकडे किंचित उचललं गेलं आणि पाइप जागच्या जागी राहिला.

"छान," हे बाहेर येऊन म्हणाले. "आता आत कधी आणणार?"

"नाही आणणार. त्यासाठीच केलंय."

"बघू. अंधार पडला की आणशील. आणि एक पाइप बाहेर ठेवायला जिचा धीर होत नाही, ती खोली काय सोडणार?"

मी रात्रीची जेवणं होईपर्यंत दोनदा कुंपणापर्यंत जाऊन आले. भाजीवाला गेला का बघते, असं म्हणून. भाजीवाला दुपारीच येऊन गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा पाइप डब्यावरून उतरवून हातातही घेतला. मग चिडून परत चढवला, घरात आले आणि दाराला कडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायच्या आधी बाहेर गेले. पाइप होता. मिरच्यांना, जास्वंदीला पाणी घातलं, तो गुंडाळून डब्यावर चढवला आणि रिकाम्या हातांनी घरात आले. हे बुटांना पॉलिश करत होते.

"खोली सोडून टाका," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. चाळीतली आपली पितळी घागर तेवढी आठवणीने घेऊन या."

मग मी चहा ठेवला.