बांधात पुरलेलं पदक

आमच्या भालकी भागात जिओकॅशिंग हा शब्द मीच आणला. हे सांगताना माझी छाती अजूनही जराशी फुगते आणि मग माझा मलाच राग येतो. खेळ तसा साधा आहे. एक डबा कुठेतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश कोड्यात घालून द्यायचे आणि इतरांनी मोबाईल हातात धरून तो हुडकायचा. मी शाळेत भूगोल शिकवतो. प्रजासत्ताक दिनानंतरच्या रविवारी कॉलेजच्या मुलामुलींसाठी मी असा शोध आखला. चार डबे, आणि एकेक डबा आपल्या भागातल्या एकेका शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या नावाचा.

चौथ्या डब्याचा जवान लढाईत गेलेला. त्याची म्हातारी आई उदगीर रस्त्यावरच्या एका गावात एकटीच राहते. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. पदक मागायला गेलो तेव्हा अक्कांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. पेटीतून निळ्या कापडाची पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली.

“पोरांच्या हातात द्या, सर. हितं पेटीत त्येला कोण बघायलंय? पर तुमच्या नजरेआड करू नका.”

मी मान हलवली. आणि शनिवारी ते खरं पदक डब्यात घातलं, सोबत कोड्याचा कागद ठेवला, डब्याला काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि तो एका शेताच्या बांधावर बाभळीखाली पुरून आलो. शेत कुणाचं, हेसुद्धा विचारलं नाही. नकली पदक ठेवलं असतं तर माझं काय बिघडलं असतं? पण डबा उघडताना मुलांच्या तोंडून निघणारं ‘अरे बाप रे’ मला ऐकायचं होतं. हौस नडते ती अशी.

रविवारी सकाळी अक्कांना स्कूटरवर घेऊन निघालो. पदक माझ्या पिशवीत आहे असं त्या समजून होत्या आणि मीही त्यांना तसंच समजू दिलं. अर्ध्या वाटेत एका मुलीचा फोन आला.

“सर, लवकर या! डबा शेतवाल्यांना सापडलाय. ते जाळायलेत!”

अक्कांना काही न सांगता मी स्कूटर दामटली. पोहोचलो तेव्हा बांधावर पंधरा-वीस माणसं गोल करून उभी होती. मधे तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काटक्यांचा ढीग, त्यावर माझा उघडा डबा, निळ्या कापडातून अर्धवट बाहेर आलेलं पदक आणि चार बाजूंना चार कापलेली लिंबं. शेताचा मालक, पन्नाशीचा माणूस, तुराट्यांवर डिझेल ओतत होता.

“भानामती हाय ही,” तो कुणाकडेही न बघता बोलत होता. “महिन्यात एक बैल गेला. दुसरा परवापासून उठंना. आता कळलं कामून ते.”

काळी पट्टी, ताजी उकरलेली माती, आणि माझा तो कागद! त्यावर मी लाल शाईने नऊ घरांचा चौकोन आखून घराघरात आकडे भरले होते. आडव्या-उभ्या बेरजा केल्या की जवानाच्या तुकडीचा क्रमांक निघावा, अशी माझी अक्कल. त्या ढिगाजवळ उभं राहून पाहिलं तेव्हा मलासुद्धा तो चौकोन करणीचाच वाटला. बांधापलीकडे मालकाचा चुलतभाऊ उभा होता. करणी त्यानेच केली अशा संशयाने लोक मधूनमधून त्याच्याकडे बघत होते आणि एकाच्या हातात काठी होती.

“अण्णा, थांबा!” मी ओरडलो. “डबा माझा आहे. खेळ आहे हा, मुलांचा. कोडं आहे ते. आतलं पदक खरं आहे, जवानाचं!”

मालकाने माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज न चढवता तो म्हणाला, “सर, तुमी शिकल्याले मान्सं. मला सांगा, खरं मेडल कुणी मातीत पुरतंय का?”

मला त्या माणसाची भीती वाटत नव्हती. माझ्या मागे उभ्या असलेल्या अक्कांची वाटत होती, आणि मान वळवायची हिंमत होत नव्हती. मालकाने काडी ओढली.

अक्का माझ्या बाजूने पुढे गेल्या. मालकाची बायको कानडीत “ब्याड, ब्याड!”, नको नको, करत अडवायला धावली, पण त्या थांबल्या नाहीत. ज्या पदकाला करणीच्या भीतीने कुणी बोटही लावलं नव्हतं ते उचलायला त्या ढिगावर वाकल्या. लुगड्याचा पदर डिझेलने भिजलेल्या तुराट्यांवर लोळत होता. मालकाच्या हातातली काडी जळत बोटापर्यंत आली, तरी तो हलला नाही. मग एकदम भानावर येऊन त्याने ती मुठीतच विझवली.

“माझ्या लेकराचं हाय,” अक्का त्याला म्हणाल्या.

मालक मटकन खाली बसला. काठीवाल्याने काठी खाली टाकली.

अक्कांनी पदक पदराने पुसलं. फितीचं एक टोक डिझेलने काळं पडलं होतं. ते त्यांनी दोनदा पुसलं, पण डाग निघाला नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“सर, पोराला मातीत दिलं म्या. येवढं एक वर ठिवलं होतं.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी “चुकलो, अक्का” म्हणालो. तो शब्द फार लहान होता, हे मला म्हणतानाच कळलं.

त्या बाभळीखाली टेकल्या आणि मुलांना जवळ बोलावलं. प्रत्येकाच्या हातात पदक दिलं आणि मुलगा कसा होता ते सांगत राहिल्या. भाकरी करपलेली आवडायची त्याला, पोहायला भ्यायचा. मुलं ऐकत होती, कुणीही फोटो काढला नाही. मग त्यांनी शेतमालकाला हाक मारली. त्याने हात धोतराला पुसले, पदक ओंजळीत घेतलं आणि कपाळाला लावलं. चुलतभावालाही त्यांनी बांधापलीकडून बोलावून घेतलं.

सगळ्यात शेवटी मी पुढे झालो आणि पदकासाठी हात पसरला. अक्कांनी पदक निळ्या कापडात गुंडाळलं, गाठ मारली आणि पुरचुंडी कनवटीला खोचली.