बेटकरांना पेढे

ज्या निवडणुकीत ज्याला मतच नाही, त्या निवडणुकीबद्दल त्याचं अभिनंदन करायला मी पेढे घेऊन गेलो होतो. पेढे बायकोचे, उत्साह माझा.

ऐंशी सालच्या दिवाळीतली गोष्ट. मी तेव्हा कतारमधल्या मेसईदच्या खत कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. आम्ही त्या गावाला उम्म सईद म्हणायचो. कारखान्याच्या कॉलनीत समोरासमोर घरं होती आणि आमच्या समोरच्या घरात प्वेर्तो रिकोचं एक जोडपं राहायला होतं. नवरा बॉयलरवरचा इंजिनीयर, माझ्याच वयाचा, पोटानेही माझ्याच बरोबरीचा. प्वेर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातलं एक बेट आहे, तिथल्या माणसांचा पासपोर्ट अमेरिकेचाच असतो, एवढं मला ठाऊक होतं. एवढंच ठाऊक होतं, हे नंतर कळलं. आमच्या घरात त्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बायकोने त्याचं कोकणातल्या रीतीने बारसं करून टाकलं. बेटावरचे ते बेटकर. त्याची बायको ओघानेच बेटकरवहिनी झाली.

तर त्या आठवड्यात अमेरिकेत अध्यक्षांची निवडणूक झाली. रेडिओवर निकाल ऐकला आणि मला वाटलं, शेजाऱ्याच्या घरचं कार्य आहे, आपण कसं गप्प बसायचं? बायकोने दूध पावडरचे पेढे करून डब्यात भरले होते. मी त्यातले आठ-दहा बशीत काढले.

"अहो, नैवेद्याच्या आधी कुठे निघालात?"

"शेजाऱ्यांकडे नवीन राष्ट्राध्यक्ष आलेत."

"त्यांच्याकडे? आणि ते काही बोलले नाहीत आपल्याला?"

बेटकरांनी दार उघडलं. मी बशी पुढे केली, त्यांचा हात धरून जोरजोराने हलवला आणि इंग्रजीत जेवढं जमेल तेवढं भाषण केलं. अमेरिकेसारख्या थोर लोकशाहीचा नागरिक आमचा शेजारी आहे, त्याने आपल्या मताने जगाचं भवितव्य ठरवलं, वगैरे. बेटकर शांतपणे ऐकत होते. मधे त्यांनी एक पेढा तोंडात टाकला. भाषण संपल्यावर दुसरा टाकला आणि म्हणाले, "पेढा फार छान आहे. पण मला मत नाही."

"म्हणजे पोस्टाने आलं नाही का? पलीकडच्या टेक्सासवाल्यांचं तर आलं होतं."

"त्यांचं येतं. माझं येत नाही. मी बेटावरचा."

मला वाटलं, थट्टा करतायत. त्यांनी मला आत घेतलं, बसवलं, कॉफी दिली आणि टेबलावर बोटाने नकाशा काढला. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही जन्माने अमेरिकन नागरिक. सैन्यात आम्हाला घेतात. ते स्वतः तरुणपणी गणवेश घालून लढाईवर जाऊन आले होते. पण ज्या अध्यक्षाच्या हुकमाने गेले, त्याला निवडायचा किंवा पाडायचा हक्क त्यांना नव्हता. बेटाचा गव्हर्नर ते निवडतात, आणि तोही वाजतगाजत. दूर राजधानीत त्यांचा एक प्रतिनिधीही बसतो. त्याला सभागृहात बोलता येतं, कायद्यावर शेवटचं मत मात्र देता येत नाही.

"माझा भाऊ न्यूयॉर्कला राहतो," ते म्हणाले. "त्याला मत आहे. उद्या मी त्याच्याकडे राहायला गेलो तर मलाही मिळेल. आणि तो आईकडे बेटावर परत आला तर त्याचं जाईल. माणूस तोच, पासपोर्ट तोच. मधल्या समुद्रात मत धुऊन जातं."

मी घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. मला फार वाईट वाटत होतं आणि ते वाईट वाटणं मी जरा मोठ्याने करत होतो. ती चकलीचा सोऱ्या पुसत होती.

"तो बोलणारा आणि मत नसलेला प्रतिनिधी म्हणजे आपल्या लग्नातल्या लांबच्या मामांसारखा दिसतोय," ती म्हणाली. "पंक्तीला बोलवायचं, फेटा बांधायचा, पण बैठकीत विचारायचं कुणी नाही."

"अगं, हसतेस काय! माणसाला मत नाही म्हणजे काय, कळतंय का?"

"कळतंय की. जानेवारीत आपल्याकडे लोकसभेची निवडणूक झाली. तुम्ही कुठे शिक्का मारलात?"

मी चकली खाल्ली. नाशिकच्या मतदारयादीतून माझं नाव केव्हाच गेलं होतं. परदेशात राहणाऱ्याचं राहत नसे. जगातल्या सर्वांत मोठ्या लोकशाहीतून मी सर्वांत थोर लोकशाहीतल्या माणसाचं सांत्वन करायला गेलो होतो आणि मत दोघांकडेही नव्हतं. आमची मुलगी इंग्रजी शाळेत जायची, तिला मराठी कळायचं पण उत्तर इंग्रजीतून यायचं. ती गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, "सो नोबडी हॅज अ व्होट, बाबा." पुन्हा गृहपाठ.

त्या दिवसापासून बेटकरांचं आणि माझं जमलं. बायकांचं तर आधीपासूनच होतं. बेटकरवहिनींना इंग्रजी बेताचं, आमच्या हिलाही बेताचं, म्हणून दोघींचं उत्तम चाले. वहिनी कच्च्या केळ्याचे काप तळायच्या, ही त्यावर तिखट-मीठ टाकून द्यायची, आणि मग आपापल्या भाषेत दोघी आपापल्या सासूबद्दल बोलायच्या. निदान मला तरी तसं वाटायचं.

दोघींचा खरा दिवस म्हणजे मंगळवार. कंपनीची बस दर मंगळवारी सकाळी साडेनऊला कॉलनीतून बायकांना दोह्याला घेऊन जायची आणि दुपारी आणून सोडायची. वहिनी कापडाच्या दुकानांतून फिरायच्या. आमची ही तिथल्याच फरीज बिन ओमरान वस्तीत एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर जायची. तिथे पुण्याच्या, नाशिकच्या चार-पाचजणी जमत, जुनी मासिकं बदलून घेत, आणि तीन तास मराठीत बोलत. कॉलनीत मराठी म्हणजे मी एकटा. आठवडाभर एकाच माणसाशी मराठी बोलायचं, आणि तो माणूस मी, हे किती अवघड आहे याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

फेब्रुवारीत हाउसिंग ऑफिसची नोटीस लागली. खर्च वाढल्यामुळे मंगळवारची बस किंवा क्लबच्या पोहण्याच्या तलावावरचं छप्पर, दोन्हींपैकी एकच परवडेल. काय हवं ते रहिवाशांनी आपला एक प्रतिनिधी निवडून त्याच्यामार्फत कळवावं. खाली एक ओळ होती: प्रत्येक घराला एक मत.

छपराच्या बाजूने आमचे टेक्सासवाले उभे राहिले. गडी दिलदार होता, पण त्यांच्याकडे दोन मोटारी होत्या आणि बायको पोहण्यात पटाईत. बसच्या बाजूने कुणीच पुढे येईना. मी भाषण करू शकतो, पण उभं राहायचं म्हणजे पडायची तयारी लागते. शेवटी बेटकर उभे राहिले.

"बसचं सोड," मला म्हणाले, "म्हणजे बस हवीच, नाहीतर बायको मला घरात घेणार नाही. पण तू बघितलंस का? टेक्सासवाला आणि मी एकाच पेटीत मत टाकणार. त्याच्या चिठ्ठीची किंमत एक, माझ्या चिठ्ठीची किंमत एक. आयुष्यात पहिल्यांदा. त्यासाठी मला समुद्र ओलांडून वाळवंटात यावं लागलं!"

डोळे चमकत होते त्यांचे. मी तिथल्या तिथे स्वतःची प्रचारप्रमुख म्हणून नेमणूक करून घेतली.

आमच्याकडच्या प्रचाराची कल्पना म्हणजे घरोघर जाऊन हात जोडायचे आणि मिळेल तो चहा प्यायचा. बेटकरांना ती पसंत पडली नाही. "निवडणुकीत गाणं नसेल तर ती परीक्षा होते," असं त्यांचं मत. गुरुवारी दुपारी त्यांनी मोटारीला वहिनींच्या लाल पडद्याचं कापड बांधलं, मागच्या सीटवर टेपरेकॉर्डर ठेवला, मला त्याच्याशेजारी कोंबलं आणि ढोलांच्या तालावर कॉलनीला फेऱ्या सुरू केल्या. हॉर्न वाजवायचं काम त्यांचं, खिडकीतून हात हलवायचं माझं. दुसऱ्या फेरीला गेटवरचा पहारेकरी धावत आला आणि विचारू लागला की लग्न कुणाचं आहे. त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "जरा हळू, साहेब. यल्ला, चला." तिसरी फेरी आम्ही हळू काढली, पण काढली.

मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं, "उद्या आपल्या घराचं मत कोण देणार?"

"कोण म्हणजे? मी."

"नोटिशीत तसं लिहिलंय?"

"अगं, लिहायला कशाला हवं? घराचं मत म्हणजे घरच्या कर्त्याचं मत."

"असं होय," ती म्हणाली. "बसमध्ये कधी दिसला नाही हो कर्ता."

यावर मी तिला लोकशाहीत प्रतिनिधित्व म्हणजे काय, याबद्दल थोडं सांगितलं. मी मत देणार म्हणजे तूच दिल्यासारखं, मी तुझ्याच बाजूचा आहे, मग हात कुणाचा का असेना. ती मान हलवत ऐकत होती. मेथीच्या काड्या ती नेहमीपेक्षा जरा जास्त जोराने मोडतेय, हे मला दिसलं होतं. अर्थ लागला नाही.

मतदान मंगळवारीच होतं, सकाळी क्लबमध्ये. माझी पहिली पाळी होती. दहाच्या सुमाराला एका गेजचं काम उरकून साहेबांकडून गेटपास घेतला आणि निघालो. गेटवर बेटकर भेटले. तेही पास काढून आले होते, आणि त्यांनी चक्क इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, बॉयलरवरून येताना! मत देतानाचा शर्ट म्हणून तो सकाळी पिशवीतून नेला होता त्यांनी. आम्ही दोघं त्यांच्या मोटारीतून क्लबला आलो. लाल कापड अजून मागे फडफडत होतं.

टेबलामागे हाउसिंगमधला सुदानी बाबू बसला होता. मोठा अदबशीर माणूस. मी घराचा नंबर सांगितला. त्याने कागदावर पाहिलं आणि हसून म्हणाला, "खलास. झालं तुमचं."

"झालं? कुणी केलं?"

"मदामनी. बस सुटायच्या आधी."

"पण मत तर घराला आहे!"

"बरोबर," तो म्हणाला. "घर आलं होतं. मत देऊन गेलं."

मागून बेटकर पुढे सरसावले. शर्टाची कॉलर नीट केली आणि नंबर सांगितला. बाबूने कागद पाहिला, मग बेटकरांकडे पाहिलं, आणि या वेळी तो हसलासुद्धा नाही, इतकं त्याला अवघडल्यासारखं झालं. "तुमचंही घर येऊन गेलं," तो म्हणाला.

बेटकर उमेदवार होते. स्वतःच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हतं.

मला त्यांच्याकडे बघवेना. माणसाने शर्ट आणला होता हो. दोन क्षण ते पेटीकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून एक घुमणारा आवाज यायला लागला, बॉयलर तापताना येतो तसा, आणि मला कळलं की ते हसतायत. टेबल धरून हसले. बाबूही हसायला लागला, मग मीही.

"इथेसुद्धा!" डोळे पुसत ते म्हणाले. "पण एक फरक आहे. इथे माझं मत मी ज्या घरात जेवतो तिथेच आहे. बुडालं नाही."

दुपारी पाळी सुटल्यावर निकाल कळला. बेटकर निवडून आले होते, आणि चांगले आले होते. बहुतेक घरं बसमध्ये बसण्याआधी क्लबमध्ये येऊन गेली होती. टेक्सासवाल्यांनी स्वतः येऊन त्यांचा हात हातात घेतला आणि छपराशिवाय पोहायला मजा येते असं जाहीर केलं. मग त्यांनी माझ्या कानात विचारलं, "तुझ्या घरून कुणी मत दिलं?" मी म्हटलं, "घराने." ते म्हणाले, "माझ्याही."

म्हणजे छपराला टेक्सासवाल्यांच्या घरचं तरी मत मिळालं होतं की नाही, देव जाणे. मी विचारलं नाही.

बस आली तेव्हा मी दारातच उभा होतो. बायको उतरली. एका हातात कोथिंबीर, काखेत मासिकांचा गठ्ठा, चेहरा तीन तास मराठी बोलून आलेल्या माणसाचा. मी बोलायची बरीच तयारी करून ठेवली होती. विश्वास हा शब्द त्यात दोनदा येणार होता, आणि घराचा कर्ता एकदा. तिने पिशवी खाली ठेवली, त्यातून एक पुडा काढला, त्याची दोरी सोडली आणि तो माझ्यापुढे धरला.

"अभिनंदन," ती म्हणाली. "तुमच्याकडे नवीन प्रतिनिधी आलेत म्हणे. घ्या, पेढा घ्या."